कॉलपुरते दात

माझ्या सासूबाई दात घालतात ते फक्त धाकट्या मुलाचा व्हिडिओ कॉल आला की. एरवी दात बेसिनवरच्या फळीवर, डबीतल्या पाण्यात पडलेले असतात. आणि ते दात मी केलेत.

मी दातांच्या लॅबमध्ये काम करते. दवाखान्यांतून तोंडाची मापं येतात, त्यावरून आम्ही कवळ्या करून देतो. आधी प्लास्टरचा साचा, त्यावर मेण, मेणात एकेक दात बसवायचा, मग गुलाबी हिरडी, मग पॉलिश. सासूबाईंचे उरलेसुरले दात काढले गेले तेव्हा त्यांच्या मापाला मी दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. त्या कवळीवर मी इतका जीव ओतला, की मालक म्हणाले, "काय, प्रदर्शनात ठेवायचीय का?" वरचा समोरचा एक दात मी किंचित तिरका बसवला, कारण त्यांचा मूळचा तसा होता. घरी आणली, त्यांनी घातली, आरशात पाहिलं आणि म्हणाल्या, "टोचतंय." झालं माझं कौतुक.

त्यानंतर घरात कायम बोळकं. पाव चहात बुडवून खायचा, सूप प्यायचं, बटाटा कुस्करून घ्यायचा. मी म्हणायचे, "आई, कवळी घाला ना, नीट जेवता तरी येईल." तर म्हणायच्या, "घरच्यांसमोर कशाला?" म्हणजे घरचं असण्याचा फायदा हा, की आम्ही रोज तिन्ही त्रिकाळ बोळकं बघायचं. आणि फोनची ती विशिष्ट रिंग वाजली, की बाई या वयात अशा तुरुतुरु बेसिनकडे जायच्या, की गुडघे दुखतात यावर कुणी विश्वास ठेवू नये. दात चढायचे, केसांवरून हात फिरायचा, आणि पडद्यासमोर असं काही हसू उमलायचं की मी लग्न होऊन आल्यापासून ते माझ्या वाट्याला कधी आलेलं नव्हतं.

पलीकडे माझा दीर आणि जाऊ. कधी डोंगर, कधी वाळवंट, कधी एखादं बेट, जिथे म्हणे गाड्याच नाहीत.

गेल्या वर्षी दोघांनी एकाच दिवशी राजीनामे दिले. तो कॉम्प्युटरवाल्या कंपनीत, ती विमा कंपनीत. दोघांना चांगल्या खुर्च्या, चांगले पगार, ऑफिसात फुकट कॉफी. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून दिराने जगाचा नकाशा दाखवला. त्यावर लाल रेघ ओढलेली होती. माझा नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. तो घाबरून म्हणाला, "अरे पण नोकरी परत मिळेल का?" मी सासूबाईंकडे पाहत होते. मला वाटलं, आता छातीत कळ येणार, नाहीतर निदान गुडघा तरी. आमच्या लग्नानंतर आम्ही चार दिवस समुद्रावर जायचं ठरवलं होतं, तेव्हा त्यांचा गुडघा असा काही सुजला होता की आम्ही बॅगा उघडून कपडे परत कपाटात लावले होते. पण त्या दिवशी गुडघा बरा होता. त्या म्हणाल्या, "आत्ता नाही फिरणार तर कधी फिरणार? जा, खुशाल जा."

हे वाक्य या बाईंना येतं, हे मला ठाऊकच नव्हतं.

माझं तोंड पडलेलं दिराने पाहिलं असावं. तो तसा वाईट नाही. म्हणाला, "वहिनी, फक्त एक वर्ष. मग आम्ही येतो, घर आम्ही सांभाळतो, आईकडे आम्ही बघतो. मग तुमची पाळी. नक्की."

नवरा हसला. "मी दिवसभर लिफ्टमध्ये वरखाली करतो, तेवढा प्रवास मला बास झाला." पण मी ते 'नक्की' पदरात पाडून घेतलं आणि वर्षभर जपलं. त्या एका शब्दावर मी सासूबाईंचे डोळ्यांचे थेंब घातले, त्यांना दवाखान्यात नेलं-आणलं, त्यांच्या खोलीतला पंखा आवाज करतो म्हणून नवऱ्याला तीन वेळा स्टुलावर चढवलं.

आणि जळत राहिले. हो, जळत. कशाला खोटं बोलू? मी लॅबमध्ये हातात मेण घेऊन बसलेली असायचे, समोर कुणा अनोळखी माणसाचा जबडा, आणि फोनवर जावेचा फोटो यायचा. बोटीच्या कठड्यावर बसलेली, पाय पाण्यावर सोडलेले, हातात कापलेलं कलिंगड. खाली लिहिलेलं, "ताई, तुमची आठवण येते." माझी आठवण कलिंगड खाताना बरी येते! मी बोटं पुसून एक हसरा चेहरा पाठवायचे आणि दाताला असं दाबायचे की तो मेणात कलंडायचा. मग काढून पुन्हा बसवायचा.

त्यांचं वाईट व्हावं, असं मला कधी वाटलं नाही. एवढी काही मी दुष्ट नाही. फक्त जरा पोट बिघडावं, एखादं विमान चुकावं, निदान एखादी बॅग हरवावी, इतकंच वाटायचं. एकदा खरंच बॅग हरवली. मला इतकं बरं वाटलं की मी त्या दिवशी सगळ्यांना बसस्टॉपजवळच्या बेकरीतून केक आणला. दुसऱ्या दिवशी फोटो आला. तिथल्या कुणा म्हातारीने जावेला आपला लोकरीचा कोट दिला होता, निळा, मोठ्या बटणांचा, आणि त्या कोटात ती इतकी सुंदर दिसत होती की सासूबाईंनी तो फोटो मोठा करून घेतला. आता तो दिवाणखान्यात असतो. धूळ मी पुसते.

वर्ष संपत आलं तसा माझा जळफळाट जरा थंडावला. मी प्रवासाची बॅग बघायला एकदा दुकानातही जाऊन आले. आणि मग एका दुपारी जावेचा मेसेज आला.

"ताई, एक गोड बातमी आहे, पण आईंना अजून सांगू नका. आम्ही अजून एक वर्ष फिरायचं म्हणतोय. रविवारी कॉलवर त्यांना विचारणार. त्या नाही म्हणणार नाहीत. तुम्ही आहात म्हणून काही काळजी नाही. सांभाळून घ्या हं."

मी तो मेसेज वाचला, फोन उलटा ठेवला, परत सुलटा केला, परत वाचला. 'तुम्ही आहात म्हणून.' त्यांचं सगळं जग फिरणं माझ्या घरी बसण्यावर चाललं होतं. मी उठले की त्यांची बोट बुडणार. आणि माझ्या पाळीचा शब्दसुद्धा नाही. विसरलेच होते दोघं. मुद्दाम टाळलं असतं तर मला इतकं लागलं नसतं.

त्याच शनिवारी सकाळी सासूबाई म्हणाल्या, "उद्या कॉल आहे, आणि ही मेली डाव्या बाजूला टोचतेय."

"द्या," मी म्हटलं, "घासून आणते."

आता हे खरं सांगते, नेताना माझ्या मनात काही नव्हतं. काम तर चहा उकळेपर्यंत होण्यासारखं होतं. मी हिरडीचा टोचणारा काठ घासला, पॉलिश केलं, डबीत पाणी घालून कवळी ठेवली. निघताना पर्स उघडली, डबी हातात घेतली. आणि मला उद्याचा कॉल डोळ्यांसमोर दिसला. ते हसू. माझ्या हाताने बसवलेले दात दाखवत ती बाई म्हणणार, "जा, खुशाल जा." मी डबी पर्सऐवजी टेबलाच्या खणात ठेवली आणि घरी आले.

"राहिलीच लॅबमध्ये," मी सांगितलं. "उद्या सुट्टी. आता सोमवारी."

रविवारी रिंग वाजली. सासूबाई सवयीने उठल्या, बेसिनपर्यंत गेल्या आणि रिकाम्या फळीकडे बघत उभ्या राहिल्या. धाकट्यांना कवळीचा पत्ताच नव्हता. ते निघून गेल्यावर दात काढले होते आणि बाईंनी आम्हाला शपथ घातली होती. कारण सांगायला काळजीचं, खरं कारण दिसण्याचं. धाकट्याच्या डोळ्यांत आपण अजून तसंच दिसलं पाहिजे. त्या घाईघाईने मला म्हणाल्या, "कॅमेरा नको, नुसतं बोलते."

नुसतं बोलल्या. पण दातांशिवाय त्यांचं बोलणं आम्हाला सवयीने कळतं. वर्षभर दातांसकट ऐकणाऱ्याला ते कसं ऐकू जाईल, हे माझ्याही लक्षात आलं नव्हतं. अर्धे शब्द ओठांतच विरघळतात, उरलेल्यांतून हवा जाते. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. पलीकडून दीर म्हणत होता, "आई? आई, काय म्हणालीस? परत बोल. कॅमेरा का लावत नाहीस?" या म्हणाल्या, "बिघडलाय." तेही त्याला नीट कळलं नाही. त्या घाबरून गेल्या आणि त्यांनी फोन ठेवून दिला. अजून एका वर्षाचा विषय निघालाच नाही.

मला इतका आनंद झाला की मी कांदा चिरताना गाणं म्हणत होते.

सोमवारी मी सांगितलं, मशीन बिघडलंय. पुढे सांगितलं, मालक बाहेरगावी गेलेत. सासूबाई हिरमुसल्या, पण माझ्या कामाच्या गोष्टीत त्यांना काही कळत नाही, त्यामुळे बोलता येईना. कॉल येत होते, त्या उचलत नव्हत्या. लॅबमध्ये मी रोज खण उघडून डबीतलं पाणी बदलत होते. कवळी कोरडी पडली की बिघडते. राग रागाच्या जागी, काम कामाच्या जागी.

मग एका सकाळी लॅबमध्येच माझा फोन वाजला. दीर.

"वहिनी, खरं सांगा. आईला काय झालंय?"

"काय व्हायचंय?"

"तिचं बोलणं कळत नाही. चेहरा दाखवत नाही. फोन उचलत नाही. दादा म्हणतो सगळं ठीक आहे, पण तो दुसरं काय म्हणणार? तोंड वाकडं झालंय का तिचं? आमच्यापासून लपवताय ना?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्याला वाटत होतं आईला झटका आलाय, अर्धांगवायू. आणि मला एक वाक्य बोलायचं होतं: अहो, कवळी माझ्या खणात आहे. माझ्या जिभेवर आलंही होतं. तेवढ्यात त्याच्या मागून समुद्राचा आवाज आला. लाटा. आणि कुणीतरी परक्या भाषेत मोठ्याने हसलं.

"काही झालेलं नाही हो," मी म्हटलं. जरा थांबले. "तुम्ही आपलं फिरा."

एक अक्षरही खोटं नव्हतं. पण ज्या आवाजात मी ते म्हटलं, त्या आवाजात माणसं दवाखान्याच्या बाहेर बोलतात. फोन ठेवून मी खण उघडला आणि सकाळीच बदललेलं डबीतलं पाणी पुन्हा बदललं. भीतीने का मजेने, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं.

दोन दिवसांनी सकाळी दारावरची बेल वाजली. सासूबाई टेबलाशी पाव बुडवत होत्या. नवरा बूट घालत होता. मी दार उघडलं, तर दोघं. उन्हाने काळवंडलेले, डोळे सुजलेले, पाठीवर त्या मोठाल्या बॅगा. जावेने मला बाजूला सारलं. बाजूला सारलं म्हणजे अक्षरशः. "आई!" म्हणत दोघं आत धावले.

सासूबाईंनी दचकून ओठ घट्ट मिटले आणि तोंडावर हात धरला. झालं! दिराने आईचे गाल आत गेलेले पाहिले, हात तोंडावर पाहिला, आणि तो तिथेच जमिनीवर गुडघ्यांवर बसला. जाऊ मात्र धीराची. तिने विमानात बसून झटक्याबद्दल सगळं वाचून काढलं असणार. ती म्हणाली, "आई, दोन्ही हात वर करा बघू." सासूबाईंनी एकच हात वर केला, कारण दुसरा तोंडावरून काढायचा नव्हता. "अगं बाई," जाऊ म्हणाली. मग तिने त्यांचा तो हात अलगद काढला आणि म्हणाली, "आता हसा. हसून दाखवा मला."

सासूबाईंनी मान हलवली. नाही.

"हसता येत नाही का? थोडंसं?"

ओठ अजून घट्ट. दीर हुंदके देऊन रडायला लागला, लहानपणी रडत असेल तसा. माझा नवरा एका पायात बूट घालून उभा, त्याला काही कळेना. आणि मुलाला रडताना बघून त्या बाईला राहवलं नाही. त्या जोरात ओरडल्या, "अरे मेल्या, मला काही झालेलं नाही!"

आणि सगळं बोळकं उघडं पडलं.

पावाचा तुकडा चहात बुडून गेला होता. मग दीर डोळे पुसत म्हणाला, "दात कुठे गेले?"

सासूबाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं.

आदल्या संध्याकाळी कशाने कोण जाणे, मी डबी पर्समध्ये टाकून घरी आणली होती, पण देणं झालं नव्हतं. आता काढली आणि टेबलावर ठेवली. नवरा म्हणाला, "मशीन बिघडलं होतं ना?"

"मशीन ठणठणीत आहे," मी म्हटलं. "मी मुद्दाम ठेवून घेतले."

जाऊ माझ्याकडे बघतच राहिली. "ताई, तीन विमानं बदलून आलो आम्ही. मी सगळ्या वाटेत रडत होते. आणि तुम्ही यांना फोनवर म्हणालात, तुम्ही आपलं फिरा!"

"म्हणाले. मग का नाही फिरत राहिलात?"

"का केलंत असं?"

"जळते मी तुमच्यावर," मी म्हटलं. इतकं मोठ्याने म्हटलं की शेजारच्या घरातला रेडिओ बारीक झाला. "तुझ्या कलिंगडावर जळते, त्या निळ्या कोटावर जळते. पुसते ना तो फोटो रोज! यांच्यासाठी दात मी करायचे आणि हसू तुम्ही न्यायचं. मला काय, बोळकं! वर्षभर म्हणालात, वर्षभर मी थांबले. आणि मला मेसेज काय, तर सांभाळून घ्या. सगळं मीच सांभाळून घ्यायचं, तर तुम्ही जग बघताय आणि मी काय बघायचं? लोकांचे जबडे?"

दिराचा चेहरा उतरला. त्याला आठवलं, हे मला दिसलं. तो उठून म्हणाला, "वहिनी, चुकलं आमचं. पण मागायचं ना. एकदा आठवण करून द्यायची."

"मागायचं? तुम्ही मागितलं होतंत का? तुम्ही नकाशा दाखवला होता. तुम्ही सांगितलंत आणि गेलात. मग मीच का मागायचं?"

नवरा हळूच म्हणाला, "मला तरी बोलायचंस." त्याचा स्वर दुखावलेला होता, आणि तेवढी एक गोष्ट मला लागली. पण त्याला लिफ्टमध्ये वरखाली करण्याचा विनोद करताना मी इतक्या वेळा ऐकलं होतं, की आता त्याच्यासाठी थांबणं मला शक्य नव्हतं.

"आता बोलते," मी म्हटलं. "मी परवा निघतेय. एकटी. मालकांना उद्या सांगेन. डोळ्यांचे थेंब सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा घालायचे, आणि पंखा परत आवाज करायला लागलाय."

खोलीत चौघं होती आणि चौघंही माझ्याकडे बघत होती. असं या घरात याआधी कधी झालेलं नव्हतं. मला लाज वाटत होती, आणि त्या लाजेखाली मी इतकी खूश होते की मला टेबलाचा कोपरा धरावा लागला.

"कुठे जाणार?" दिराने विचारलं. तो नकाशावाला माणूस, त्याला आधी हेच सुचणार.

मी तोंड उघडलं, आणि माझ्या लक्षात आलं, की मला माहीत नव्हतं. वर्षभर मी त्यांच्याच जागांवर जळले होते. त्यांचा डोंगर, त्यांचं बेट, त्यांची बोट. माझी अशी एक जागा मी मनात कधी धरलीच नव्हती. क्षणभर मला रडू येईल असं वाटलं. पण ते या लोकांना सांगायला मी काही वेडी नाही.

"पोचल्यावर कळवीन," मी म्हटलं.

जावेने दिराकडे पाहिलं, मग खाली बसून ती मुकाट्याने आपली बॅग रिकामी करायला लागली. कपडे, बूट, दोऱ्या, वाळू, सगळं जमिनीवर. रिकामी बॅग तिने झटकली आणि माझ्या पायाशी आणून ठेवली. अजून रागात होती, आणि तिचा राग बरोबरच होता.

सासूबाई इतका वेळ डबीला हात न लावता बसल्या होत्या. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं, एखादं पाहुणं घरात आलं की माणूस पाहतं तसं. आता बोलणार, ऐकवणार, गुडघा काढणार, अशी मी तयारी केली.

"आणि परत कधी येणार?" त्यांनी विचारलं. त्यांचा आवाज बारीक झाला होता.

या घरात आल्यापासून हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी बॅग उचलली, खांद्याला अडकवून पाहिली आणि पट्टे माझ्या मापाचे करत बसले. त्या माझ्याकडे बघत उत्तराची वाट पाहत होत्या, आणि मी त्यांना जरा वेळ पाहू दिली.